नकारपत्र आल्यावर ग्राहकाने काय करावे

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या मंडळाच्या व्यासपीठावरून आजवर संतवाङ्मय, शिक्षण, आरोग्य, विवाहातील खर्च अशा विषयांवर विचार मांडले गेले. त्या मालिकेत ऑनलाइन खरेदीचे बुडालेले पैसे परत कसे मागावेत, हा विषय थोडा बाजारी वाटण्याचा संभव आहे. तथापि चिटणीसांनी आम्हांस बोलण्याची आज्ञा केली तेव्हा दुसरा विषय मनात येईना. कारण असे की, आपल्या घराघरांतून अशा व्यवहारांत पैसे जात आहेत, आणि ते गेल्याचे बहुधा कोणी कोणास सांगत नाही. विक्रेत्याने फसविले, पैसे पाठविणाऱ्या सेवेकडे दाद मागितली, तिनेही ‘आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे’ असे कळविले, की आपला माणूस गप्प बसतो. जणू उच्च न्यायालयाचा निकालच लागला! हे गप्प बसणे योग्य नव्हे, एवढेच आज सांगावयाचे आहे.

न पाहिलेल्या माणसाशी व्यवहार करणे ही काही आजची गोष्ट नाही. आपल्या वाडवडिलांपैकी ज्यांनी व्यापारउदीम केला, त्यांना हुंडीचा व्यवहार ठाऊक होता. शाहजोग हुंडीचे पैसे बाजारात पत असलेल्या शहालाच, अथवा त्याच्यामार्फतच, मिळत. हुंडी खोटी निघाली तर पैसे परत करण्याचा भार त्या शहावर पडे. जोखमी हुंडीची रीत याहून वेगळी. जहाजातून पाठविलेला माल सुखरूप पोचला तरच तिचे पैसे द्यावयाचे, अशी तिच्यात अट असे. म्हणजे दोन अपरिचितांच्या मध्ये पत असलेला तिसरा उभा करावा आणि पैशाचा संबंध माल पोचण्याशी जोडावा, ही युक्ती जुनी आहे. आज ऑनलाइन पेमेंट सेवा ‘खरेदीदार संरक्षण’ या नावाने जे वचन देतात, ते याच जातीचे आहे. विक्रेत्याने माल धाडला नाही, किंवा वर्णनाहून निराळाच धाडला, तर चौकशी करून पैसे परत देऊ, असे हे वचन असते.

परंतु एक भेद लक्षात ठेवला पाहिजे. पूर्वीचा शहा ओळखीचा होता. त्याच्या पेढीवर जाऊन गाऱ्हाणे सांगता येत असे. आजचा मध्यस्थ आपणांस ओळखत नाही. तो आपला चेहरा पाहत नाही, स्वर ऐकत नाही. त्याच्यापुढे असतात ते चार रकान्यांत भरलेले शब्द आणि सोबत जोडलेले कागद. ते तो आपल्या नियमावलीशी ताडून पाहतो आणि निर्णय देतो. कित्येकदा हे ताडून पाहण्याचे काम आरंभी यंत्रच करते. यास्तव त्याच्या नकाराचा अर्थ इतकाच की, आपण जे कागद ज्या रकान्यात दिले, त्यांवरून नियमात बसणारी गोष्ट सिद्ध झाली नाही. आपण खोटे बोललो असा त्याचा अर्थ होत नाही, आणि विक्रेता सज्जन ठरला असाही होत नाही.

हे आम्ही कसे शिकलो ते सांगतो. गोष्ट घरातील आहे, आणि वहिनींच्या संमतीनेच सांगत आहोत.

आमचे थोरले बंधू, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, यांस गेली काही वर्षे ऐकू कमी येते. घरात बोलणे चालले असता ते हसून मान हालवीत. परंतु त्यांस काही समजले नसे, हे वहिनींस कळत असे. इथल्या दुकानात श्रवणयंत्रांच्या जोडीची किंमत विचारली, ती त्यांना पेलण्यासारखी नव्हती. तेव्हा त्यांनी इंटरनेटवर परदेशातील एका विक्रेत्याची जाहिरात पाहिली, आणि २०२४ सालच्या ११ जानेवारीस, एका पेमेंट सेवेमार्फत, आपल्या बँकेच्या कार्डावरून ४६,००० रुपये भरले. शिकवण्या करून त्यांनी साठविलेले ते पैसे होते. दादांना त्यांनी काही सांगितले नाही. यंत्र हातातच ठेवावयाचे असा त्यांचा बेत होता.

२ फेब्रुवारीस टपालाने एक लहानसे जाड पाकीट आले. त्यात कानात घालून गाणी ऐकण्याचे स्वस्तातले इअरफोन निघाले. वहिनींनी सेवेकडे तक्रार नोंदविली. तेथे कारण निवडावयाचे दोन पर्याय होते : ‘वस्तू मिळाली नाही’ आणि ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’. वहिनींनी सरळ मनाने पहिला निवडला. श्रवणयंत्र मिळालेच नव्हते, मग दुसरे काय लिहावयाचे? विक्रेत्याने उत्तरादाखल टपालाचा माग दाखविणारा क्रमांक पाठविला. त्यावर ‘पोचले’ अशी नोंद होती, पिनकोडही बरोबर होता. १ मार्चला निर्णय आला : ‘वस्तू पोचल्याचा पुरावा विक्रेत्याने सादर केला असल्याने आपला दावा नामंजूर करण्यात येत आहे.’

वहिनींनी ते पत्र कोणास दाखविले नाही. पाडव्याला, म्हणजे ९ एप्रिलला, आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. दादा आत झोपले असता त्या हळू आवाजात म्हणाल्या, “भाऊजी, माझ्या हातून घोटाळा झालाय. यांना सांगू नका.” वस्तुतः त्यांना हळू बोलण्याचे कारण नव्हते, दादांना ते ऐकू जाणारच नव्हते. त्या सवयीचेच आम्हांस फार वाईट वाटले.

आमचा पहिला विचार रागाचा होता. सेवेला चांगले खरमरीत पत्र लिहावे, ‘एका वृद्धाच्या कानाशी तुम्ही खेळत आहात’ असे ऐकवावे, असे मनात आले. तसा मसुदाही आम्ही केला. परंतु नकारपत्र पुन्हा वाचता ध्यानात आले की, आमच्या मसुद्यातील एकही वाक्य त्या पत्रातील कारणास उत्तर देत नाही. ते म्हणतात, ‘पोचले’. आम्ही म्हणतो, ‘आम्ही दुःखी आहोत’. या दोन वाक्यांची गाठ कधी पडावयाची? प्रश्न एवढाच होता की, पोचले ते काय?

तेव्हा आम्ही वहिनींना ते पाकीट आहे का म्हणून विचारले. त्यांनी ते टाकले नव्हते. जाड कागदाचे म्हणून विजेची बिले ठेवण्यास वापरावयास घेतले होते. त्या पाकिटावर सी. एन. २२ नावाची चिठ्ठी चिकटविलेली होती. परदेशातून टपालाने येणाऱ्या लहान पुडक्यावर आत काय आहे, वजन किती, किंमत किती, हे पाठविणाऱ्याने जकात खात्यासाठी लिहावयाचे असते. तीच ही चिठ्ठी. तिच्यावर विक्रेत्याच्याच बाजूने लिहिले होते : इअरफोन, वजन ५० ग्रॅम, किंमत ३ डॉलर. जाहिरातीच्या पानावर मात्र यंत्रांच्या पेटीचे वजन ३८० ग्रॅम दिलेले होते. पानाचे चित्र वहिनींच्या मोबाइलमध्ये होते. दोन महिन्यांहून अधिक काळ घरातील कपाटात विजेच्या बिलांभोवती आमचा सर्वांत बळकट पुरावा गुंडाळलेला होता!

१५ एप्रिलला आम्ही सेवेकडे निर्णयाचा फेरविचार मागितला. पत्र एका पृष्ठाचे होते. त्यात आधी चुकीची कबुली होती की, कारण निवडताना आमच्याकडून चूक झाली. पाकीट मिळाले हे आम्हांस मान्य आहे, परंतु त्यात ठरलेली वस्तू नव्हती. मग चिठ्ठीचे, पाकिटाचे आणि जाहिरातीचे चित्र जोडले. २२ तारखेस उत्तर आले की, प्रकरण ‘न मिळाल्या’च्या सदरात बंद झाले आहे, सदर बदलता येत नाही, निर्णय कायम आहे.

येथे आम्हीही खचलो होतो. परंतु पैसे कार्डावरून गेले होते, आणि कार्डाच्या व्यवहाराला चार्जबॅक नावाची आणखी एक वाट असते. ग्राहकाने आपल्या बँकेकडे वाद नोंदविला, तर बँक कार्डसंस्थेच्या नियमांनुसार पलीकडच्या बँकेकडे रक्कम परत मागू शकते. त्यास मुदत असते. कारण आणि कार्डसंस्था यांप्रमाणे ती बदलते, तथापि साधारणतः १२० दिवसांच्या आसपासची असते. जानेवारीच्या ११ तारखेपासून मोजता १० मे हा दिवस येत होता. २४ एप्रिलला आम्ही बँकेत लेखी अर्ज दिला आणि त्याची पोच घेतली.

बँकेचे पहिले उत्तर नकाराचेच होते : ‘व्यवहार आपल्या ओटीपीने झालेला असल्याने तक्रार ग्राह्य नाही.’ आता मात्र नकारपत्र कसे वाचावे हे आम्ही शिकलो होतो. त्यांनी आमची तक्रार चोरीची समजली होती. कार्ड दुसऱ्याने वापरले असे आमचे म्हणणेच नव्हते. आम्ही तक्रार निवारण अधिकाऱ्यास लिहिले, ‘पैसे आम्हीच भरले. आमचा वाद असा की, ज्या वस्तूचे भरले ती न देता दुसरीच देण्यात आली. सोबत विक्रेत्याच्याच चिठ्ठीचा पुरावा आहे.’ ८ मे रोजी बँकेने चार्जबॅकची मागणी पुढे धाडली. जूनमध्ये रक्कम तात्पुरती जमा झाली आणि ऑगस्टमध्ये ती कायम झाली.

श्रोतेहो, या हकीकतीत आमची काही हुशारी नाही. वहिनींनी पाकीट टाकले असते, अथवा पाडवा महिनाभर उशिरा आला असता, तर ४६,००० रुपये गेलेच होते. म्हणून हाती लागलेला अनुभव आपल्यापुढे क्रमाने मांडतो.

पहिली गोष्ट, नकारपत्रातील कारण शोधावे आणि नेमके त्यालाच उत्तर द्यावे. ‘पोचले’ म्हटले असेल तर काय पोचले, कोठे पोचले, कोणी घेतले हे विचारावे. कित्येक लबाड विक्रेते त्याच पिनकोडातील भलत्याच पत्त्यावर एखादे पाकीट धाडतात आणि तो माग पुरावा म्हणून दाखवितात. अशा वेळी टपाल कार्यालयाकडून अथवा कुरियरकडून वाटपाचा पत्ता आणि सही यांची लेखी माहिती मागावी. कारण ‘मुदत उलटली’ असे असेल तर तारखांचा तक्ता करावा. कारण ‘पुरावा अपुरा’ असे असेल तर नवा पुरावा द्यावा. जुनेच कागद पुन्हा पाठवून निर्णय बदलत नाही.

दुसरी, सर्व कागद राखावे. पुडके उघडतानाच छायाचित्र अथवा चित्रफीत घ्यावी. वेष्टन, त्यावरील वजन, चिठ्ठी, जाहिरातीचे पान, विक्रेत्याशी झालेला पत्रव्यवहार, पैसे भरल्याची पावती हे सर्व वाद मिटेपर्यंत टाकू नये. विक्रेता गोड बोलून आणखी आठ दिवस थांबा म्हणत राहतो, ते बहुधा आपली मुदत संपावी म्हणूनच.

तिसरी, एकाच वेळी दोन दारे ठोठावू नयेत. सेवेकडे दावा चालू असता बँकेकडेही वाद नेला, तर पुष्कळ सेवा आपल्याकडील प्रकरण बंद करतात. आधी एक दार, ते मिटले की दुसरे. मात्र दुसऱ्याची मुदत पहिल्या दिवसापासून मोजीत राहावे.

चौथी गोष्ट सांगताना वाईट वाटते. आमच्या शेजारच्या एका गृहस्थांस विक्रेत्याने सांगितले की, सेवेमार्फत भरलेत तर कमिशन जाते, सरळ माझ्या नंबरावर यूपीआयने पाठवा, दोन हजार कमी घेतो. त्यांनी तसे केले. माल आला नाही. बँकेत गेले तेव्हा उत्तर मिळाले की, आपण स्वतः पिन घालून एका व्यक्तीस पैसे पाठविले; यात खरेदीची नोंद नाही, तेव्हा खरेदीदाराचे संरक्षणही नाही. त्यांचे पैसे परत आले नाहीत. पेमेंट सेवांमध्येही आप्तेष्टांस पैसे पाठविण्याचा निराळा मार्ग असतो, त्यासही हे संरक्षण सहसा लागू होत नाही. जो विक्रेता आपणांस मध्यस्थाच्या बाहेर ओढू पाहतो, त्याचा हेतू तेथेच ओळखावा.

आता कायद्याचा आधार. वर्णन देऊन विकलेली वस्तू त्या वर्णनाप्रमाणे असलीच पाहिजे, ही अट आपल्याकडील १९३० च्या माल विक्री कायद्याच्या कलम १५ मध्ये आहे. पुढे १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याची जागा २०१९ च्या कायद्याने घेतली आणि २०२० साली ऑनलाइन व्यापारासाठी स्वतंत्र नियम झाले. त्या नियमांप्रमाणे अशा व्यापारी संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची असते आणि एका महिन्यात तिचे निवारण करावयाचे असते.

बँकेने दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. बँकेकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत उत्तर आले नाही, अथवा आलेल्या उत्तराने समाधान झाले नाही, तर ही वाट मोकळी होते. तिला शुल्क नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेथे सल्ला मिळतो आणि तक्रारही नोंदविता येते. अखेरीस जिल्हा ग्राहक आयोग आहे. दोन वर्षांच्या आत तेथे तक्रार करावी लागते. आपण राहतो त्याच जिल्ह्यात ती करता येते, विक्रेत्याच्या गावी जावे लागत नाही. ५ लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, आणि वकील दिलाच पाहिजे असेही नाही. परदेशी विक्रेत्यावर मिळविलेला हुकूम अमलात आणणे मात्र कठीण असते, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. म्हणूनच सेवा आणि बँक ही जवळची दारे मुदतीत ठोठावणे शहाणपणाचे.

खात्यातून आपल्या नकळत पैसे गेले, अथवा कोणी भामट्याने पैसे उकळले, तर ही गोष्ट वेगळी. तेथे दिवस मोजीत बसू नये. तत्काळ १९३० या क्रमांकावर कळवावे आणि बँकेस सांगून खाते थांबवावे. आणखी एक : सेवेचा फोन नंबर इंटरनेटवर शोधून लावू नये. तेथे खोटे नंबर पेरलेले असतात, आणि एकदा नाडलेला ग्राहक दुसऱ्यांदा नाडला जातो. सेवेच्या स्वतःच्या अॅपमधून किंवा कार्डाच्या मागील क्रमांकावरूनच संपर्क साधावा.

सत्याविषयीही दोन शब्द. आपला दावा बळकट व्हावा म्हणून त्यात खोटे मिसळू नये. मिळालेले पाकीट मिळाले नाही म्हणणे, वापरलेली वस्तू न वापरलेली म्हणणे, हे नीतीस धरून नाहीच, शिवाय त्यानेच खरा दावाही बुडतो. वहिनींचा दावा शेवटी तरला तो ‘पाकीट आम्हांस मिळाले’ या आमच्याच कबुलीवर.

आता मंडळास एक विनंती करून आटोपतो. आपल्या ज्ञातिमंडळाने शिष्यवृत्त्या दिल्या, वसतिगृह चालविले, अडल्यानडल्यास हात दिला. आता महिन्यातील एका रविवारी सकाळी कार्यालयात दोन तास, पत्रव्यवहार जाणणारी वडीलमाणसे आणि मोबाइल जाणणारी तरुण मुले एकत्र बसावीत, आणि ज्यांना असे नकारपत्र आले असेल त्यांचे कागद पाहावेत. खर्च फक्त चहाचा आहे. यातून सर्वांचे पैसे परत येतील असे आम्ही म्हणत नाही. परंतु आपल्या घरातील आई, वहिनी, आजोबा यांस ‘माझ्या हातून घोटाळा झाला’ असे कोपऱ्यात हळू आवाजात सांगावे लागू नये. ज्याने फसविले त्याने लाजावे. जो फसला त्याने कागद घेऊन पुढे यावे.

ते पैसे परत आल्यावर वहिनींनी इथल्याच दुकानातून, समोर बसून, ऐकून पाहून, एका कानाचे यंत्र घेतले. दुसऱ्या कानाचे यंदा घ्यावयाचे आहे. दादांना सर्व हकीकत त्या दिवशीच सांगितली. ते म्हणाले, “मला आधी सांगायचं होतंत.” वहिनी म्हणाल्या, “सांगितलं असतं तर ऐकू आलं असतं का?” दादांना ते पहिल्याच खेपेस ऐकू आले.